आज जळालं तर?

नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझ्या कॉम्प्युटरची पिन उपटली. मी टाइप करत होते. स्क्रीन काळी झाली आणि सकाळपासूनचं काम गेलं. मान वर करून बघते तर हे गृहस्थ हातात वायर धरून शांतपणे उभे.

"जळालं," ते म्हणाले. "आता सांगा, चौदा नंबरच्या प्लॉटवर शेवटची फवारणी कधी झाली?"

"मला काय माहीत? ते कॉम्प्युटरमध्ये होतं."

"कॉम्प्युटर मेला. चौदा नंबर."

मला रडू आलं, आणि त्याहून जास्त राग आला. मी फ्लॉपीवर प्रत काढून ठेवली नव्हती हे खरं, पण म्हणून कोणी असं करतं का? दुसऱ्या दिवशी राजीनामा द्यायचा असं ठरवूनच मी घरी गेले. दिला नाही. दहा वर्षं त्यांच्या हाताखाली काढली आणि त्यातली निदान आठ त्यांच्यावर चिडून काढली.

दिंडोरी रस्त्यावर, म्हसरूळच्या पुढे, द्राक्ष बागायतदारांच्या एका गटाचं पॅकहाउस होतं. चाळीसेक शेतकरी. त्यांची द्राक्षं इथं यायची, निवडली जायची, थंड व्हायची आणि कंटेनरमधून परदेशात जायची. परदेशातल्या माणसाला घडाच्या आधी कागद लागतो. कोणत्या प्लॉटवर कोणतं औषध कोणत्या तारखेला मारलं, त्याची नोंद नसेल तर माल कितीही देखणा असो, उपयोग शून्य. त्या नोंदी ठेवायच्या ते माझं काम, आणि माझ्या डोक्यावर बसायचं ते यांचं.

सगळे त्यांना मास्तर म्हणायचे. आयुष्यात एक तास शिकवलं नव्हतं त्यांनी. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. पण येता-जाता प्रश्न विचारायची खोड अशी, की दुसरं नाव शोभलंच नसतं. मी तोंडावर सर म्हणायचे. सकाळी आत आल्यावर नमस्कार नाही, कशी आहेस नाही. चप्पल काढता काढता पहिला प्रश्न, "आज जळालं तर?" याचं उत्तर द्यावं लागायचं. कालपर्यंतच्या नोंदी कुठे आहेत, त्यांची दुसरी प्रत कुठे आहे, तिसरी कुठे आहे. उत्तर नीट दिलं तर मान हलवून जागेवर बसायचे. अडखळलं की पिन उपटायचे.

दोन मनगटांवर दोन घड्याळं. शर्टाच्या खिशात दोन पेनं, पिशवीत दोन चष्मे. घराच्या किल्ल्या दोन वेगवेगळ्या शेजाऱ्यांकडे, आणि त्या दोघांना एकमेकांबद्दल सांगितलेलं नाही. डबा मात्र एकच. तो विसरला की दिवसभर उपाशी, पण माझ्या डब्यातलं कधी घेतलं नाही. एकदा त्यांच्या घरी गेले होते तेव्हा त्यांच्या बायकोनं चहा देताना सांगितलं, "आमच्या लग्नाचे फोटो तीन गावांत आहेत. घरात म्हणून विचारशील तर एक नाही." मास्तर समोरच बसले होते. ते म्हणाले, "म्हणून तर शाबूत आहेत."

ही तीन गावं म्हणजे सिन्नर, वणी आणि घोटी. दर शनिवारी आठवड्याच्या नोंदींच्या तीन प्रती करायच्या. आधी फ्लॉपीवर, पुढे सीडीवर. पाकिटात घालायच्या, वर नाव लिहायचं, आणि मास्तर स्वतः सीबीएस स्टँडवर जाऊन त्या तीन एसटी बसच्या तीन कंडक्टरांच्या हातात द्यायचे. सिन्नरला त्यांची बहीण, वणीला एक पेढेवाला मित्र, घोटीला भाताच्या गिरणीचे मालक, जुने सहकारी. का, तर आपल्या नोंदी परगावी मुक्कामाला असाव्यात. नाशकात पूर आला, आग लागली, चोर आला, तरी तिन्ही गावं एकाच दिवशी बुडणार नाहीत. मला हे सगळं वेडेपणाचं वाटायचं. पॅकहाउसमधल्या बायका तर शनिवार आला की विचारायच्या, "काय गं, मास्तरची वरात निघाली का?"

एका उन्हाळ्यात त्यांच्या मनात आलं, प्रती तपासायच्या. मला स्कूटरवर मागे बसवलं आणि तीन दिवसांत तीन गावं केली. सिन्नरला बहिणीनं पाकिटं गोदरेजच्या कपाटात इतकी जपून ठेवली होती की कपाटाची किल्लीच सापडेना. "दादा, तुझी वस्तू हाय म्हणून कुणाला हात लावू दिला नाय," ती म्हणाली, आणि किल्ली कुठे जपून ठेवली ते तिला आठवत नव्हतं. वणीला पेढेवाल्याच्या माळ्यावर उंदरांनी पाकिटं खाल्ली होती आणि सीडींवर खव्याचा थर होता. घोटीला गिरणीच्या मालकांनी आम्हाला मोठ्या कौतुकानं मागे शेतावर नेलं. भाजीच्या वाफ्यांवर दोऱ्या ताणल्या होत्या आणि त्यांना आमच्या सीडी टांगल्या होत्या. उन्हात लखलख करत होत्या.

"लय गुणाची वस्तू पाठवता मास्तर तुम्ही," ते म्हणाले. "एक पाखरू बसत नाय. शेजारचे पण मागतात."

मला हसू आवरेना. मास्तरांकडे बघितलं आणि ते आपोआप थांबलं. ते बांधावर बसले होते. एक सीडी हातात घेऊन तिच्यावर मीच लिहिलेला आठवडा वाचत होते. 

त्यानंतर महिनाभरानं क्लाउड हा शब्द त्यांनी कुठूनतरी आणला. दोन हजार आठ-नऊच्या आसपासची गोष्ट. नाशकात तेव्हा हा शब्द फार जणांना ठाऊक नव्हता. इंटरनेटवर जागा मिळते, तिथे आपल्या नोंदी ठेवायच्या, एवढं मला कळलं. त्यांना मात्र झोप लागेनाशी झाली असावी. शेतकऱ्यांची सभा बोलावली. सतरंजीवर सगळे बसले आणि मास्तर उभे राहिले.

"तुमच्यापैकी कोणी घरी कोल्ड स्टोरेज बांधलंय का?"

"नाय," मागून कोणीतरी म्हणालं. "परवडंल का?"

"मग माल कुठे ठेवता?"

"हितंच की."

"जागा किती घेता?"

"जेवढे क्रेट तेवढी."

"माल वाढला तर?"

"जास्त घेतो. सीझन संपला की मोकळी करतो."

"लाइट गेली तर जनरेटर कोण लावतं? मशीन बिघडलं तर मेकॅनिकला कोण बोलावतं?"

"तुमचं ऑफिस. आमाला काय करायचं?"

"संपलं," मास्तर म्हणाले. "क्लाउड क्लाउड म्हणतात ते एवढंच आहे. मोठ्या कंपन्यांनी कुठंतरी मोठमोठी कॉम्प्युटरची कोल्ड स्टोरेज बांधलीत. आपण त्यात हवी तेवढी जागा घ्यायची. देखभाल त्यांची, दुरुस्ती त्यांची. एका वस्तूच्या ते स्वतःच दोन-तीन प्रती दोन-तीन ठिकाणी ठेवतात. कंडक्टर नको, पेढेवाला नको. आणि इथे ठेवलेला क्रेट बघायला तुम्हाला नाशकात यावं लागतं, तसं तिथे नाही. नेट असेल तिथून दिसतं. घरून दिसतं, बंदरावरून दिसतं."

एका म्हाताऱ्या बागायतदारानं विचारलं, "तिथल्या मानसानं वाचलं तर?"

"चौदा नंबरवर गंधक मारलं हे वाचून तो काय करणार आहे? आणि कुलूप असतंच, ते उघडं टाकलं तर दोष आपला." सगळे हसले. मास्तर हसले नाहीत. "हसण्यावारी नेऊ नका. आणखी एक आहे. प्रत्येक नोंदीवर तारीख-वेळ तिकडून पडते. ती मलासुद्धा मागे-पुढे करता येत नाही. उद्या कोणी खोटं म्हणालं, तर तीच तुमची साक्ष."

पुढच्या रांगेत मंदाताई बसल्या होत्या. त्यांनी हे शेवटचं वाक्य मान हलवत ऐकलं. वणीच्या अलीकडच्या वस्तीवर त्यांची दोन एकर बाग. नवरा सिन्नरला कंपनीत, आठवड्यातून एकदा घरी. छाटणीपासून काढणीपर्यंत बाग त्यांची. सातबाऱ्यावर नाव नवऱ्याचं होतं, पण निर्यातीच्या यादीत त्या वर्षी पहिल्यांदा मंदाताईंचं नाव लागलं होतं. ती यादी त्यांनी पॅकहाउसच्या भिंतीपाशी दोनदा जाऊन वाचली होती, मी बघितलं होतं. फवारणी झाली की संध्याकाळी त्यांचा फोन यायचाच. "लिहून घे गं," म्हणायच्या, आणि औषधाचं नाव अक्षर अक्षर सुटं करून सांगायच्या.

मी लिहून घ्यायचे. आधी ऑफिसच्या कॉम्प्युटरमध्ये भरायचे, मग तेच नेटवर चढवायचे. शनिवारच्या सीडी आता बंद झाल्या होत्या. इथं माझं पाप सुरू होतं, तर ते सरळ सांगते. नेट मुंगीच्या पावलानं चालायचं. पान उघडायला पाच मिनिटं, नोंद चढायला दहा, आणि मधेच भारनियमन. माझी घरी जायची बस सहाची. पहिले काही महिने मी मन लावून केलं. मग एक दिवस राहिलं, उद्या करू म्हटलं. उद्याही राहिलं. मास्तर निघताना विचारायचे, "वर गेलं?" मी म्हणायचे, "गेलं, सर." तीन आठवडे मी रोज "गेलं, सर" म्हणत होते. नोंदी ऑफिसच्या मशीनमध्ये तर आहेत, एका रविवारी येऊन सगळं एकदम चढवून टाकीन, असा माझा हिशोब. आणि खरं सांगायचं तर त्यांच्या त्या रोजच्या प्रश्नाचा सूड घेतल्याचं थोडं समाधानही होतं.

ऐन काढणीच्या तोंडावर भारनियमनानंतर लाइट आली ती अशी दाबानं आली की दोन ट्यूब, पाण्याची मोटर आणि माझा कॉम्प्युटर एकदम गेला. वास सुटला. दुरुस्तीवाल्यानं डिस्क कानाजवळ धरून हलवली आणि म्हणाला, "ताई, हिच्यात काय नाय राहिलं." मास्तरांच्या चेहऱ्यावर सुरकुतीसुद्धा हलली नाही. "आपलं वर आहे," ते त्याला म्हणाले. मी तिथंच बोलायला हवं होतं. दोन दिवसांत नवीन मशीन येईल, शेतकऱ्यांना फोन करून वह्यांवरून भरून टाकू, असं मनाशी म्हणत मी गप्प राहिले.

ते दोन दिवस मिळाले नाहीत. दुसऱ्याच दिवशी दुपारी निर्यातदाराकडून तपासणीचे साहेब आले. मंदाताईंच्या प्लॉटच्या नमुन्यात भुरी रोगाच्या एका औषधाचा अंश निघाला होता. औषध चालणारं, पण फवारणी आणि काढणी यांच्यामध्ये ठरावीक दिवस जायला हवेत. मंदाताई म्हणत होत्या, तेवढे दिवस सोडूनच मारलं. त्यांनी वही पुढे केली. साहेबांनी चार पानं उलटली.

"ही एका पेनानं, एका बैठकीत लिहिलीय."

"व्हय साहेब," मंदाताई म्हणाल्या. "फेअर केली. जुनी वही औषधानं भिजून चिकटली व्हती, पानं फाटलेली. तुमच्या हातात तशी कशी द्यायची?"

"जुनी कुठे आहे?"

"बंबात घातली."

त्या हे अगदी सरळपणे बोलल्या. मोठा माणूस येणार म्हणून घर सारवावं, तशी त्यांनी वही सारवली होती. साहेब वाईट नव्हते. ते म्हणाले, "बाई, मी तुम्हाला खोटं म्हणत नाही. पण याला मी पुरावा म्हणू शकत नाही. तारखेची पक्की नोंद चारपर्यंत दाखवा, दुसरा नमुना घेऊ. नाहीतर हा प्लॉट या वर्षी यादीतून बाहेर."

मास्तर उठले. मी त्यांना इतकी वर्षं बघत होते, पण असं कधी बघितलं नव्हतं. चष्मा काढून पुसला. शर्ट नीट केला. ज्या दिवसासाठी हा माणूस रोज सकाळी लोकांचा जीव खात होता तो दिवस आला होता, आणि त्यांची तयारी होती. जवळजवळ आनंदात म्हणाले, "मंदाताई, बसा निवांत. वहीचं सोडा. तुमची साक्ष आहे आपल्याकडे." मग माझ्याकडे वळून, "चला."

मॅनेजरच्या केबिनमधला कॉम्प्युटर त्यांनी मागून घेतला. मला खुर्ची दिली, स्वतः मागे उभे राहिले. "पासवर्ड टाका."

मी टाकला. पान उघडायला लागलं. खालची पट्टी हळूहळू भरत होती. नेट जावं, लाइट जावी, काहीही व्हावं, पण हे पान उघडू नये, अशी मी देवाला विनवणी करत होते. देवानं ऐकलं नाही. त्या दिवशी पान लवकर उघडलं.

मास्तरांनी वाकून स्क्रीनवर बोट ठेवलं. शेवटच्या नोंदीची तारीख वाचली. "खाली घ्या."

"खाली काही नाही, सर."

"खाली घ्या. ही तारीख जुनी आहे."

"तेवढंच आहे, सर. पुढचं मी चढवलं नाही."

"किती दिवस?"

"तीन आठवडे."

त्यांनी डाव्या घड्याळात बघितलं, मग उजव्या. तीन वाजून गेले होते. मला वाटलं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते हळू आवाजात म्हणाले, "मी पिना उपटत राहिलो. तुम्हाला एकदासुद्धा उघडून दाखवा म्हटलं नाही." एवढं बोलून बाहेर गेले.

साहेबांना त्यांनी चार वाजायची वाटसुद्धा बघायला लावली नाही. "नोंद नाही. बाईनं वेळेवर कळवली होती, आमच्या ऑफिसकडून चढवायची राहिली. बाई खरं बोलतेय, पण दाखवायला माझ्याकडे काही नाही." साहेबांनी मान हलवली आणि यादीवर रेघ मारली. त्यांनाही ते आवडलेलं दिसलं नाही.

मंदाताई बाहेर क्रेटच्या शेजारी बसल्या होत्या. मला वाटलं होतं मास्तर सांगतील. ते माझ्या बाजूला येऊन उभे राहिले. मग मला कळलं की हे मीच सांगायचं आहे.

"मिळालं का गं?" मंदाताईंनी विचारलं.

मी सांगितलं. कसं सांगितलं ते आठवत नाही, पण सगळं सांगितलं, बसचंसुद्धा.

त्या चिडल्या नाहीत. खरोखरच न समजल्यासारखं विचारलं, "म्हणजे मी रोज फोन करत व्हते, तू व्हय व्हय म्हनत व्हतीस, ते मी कुनाशी बोलत व्हते?"

ती बाग त्या वर्षी गावच्या बाजारात गेली. भाव काय मिळाला ते मी कधी विचारलं नाही, हिंमत झाली नाही. मास्तरांनी मला काढावं म्हणून मॅनेजर हटून बसला होता. मास्तर त्याला म्हणाले, "हिला काढून काय होईल? हिच्या जागी येईल त्याचीही बस सहाचीच असेल." ही दया होती की शिक्षा, हे मला तेव्हा कळलं नाही. मला लाज मात्र इतकी वाटायची, की सकाळी पॅकहाउसच्या फाटकातून मी खाली मान घालून आत जायचे.

पुढच्या आठवड्यात त्यांनी सगळी रचना बदलली. प्रत्येक शेतकऱ्याचं वेगळं पान, प्रत्येकाचा वेगळा पासवर्ड. आपली नोंद आपण करायची. घरच्या मोबाइलवरून, मुलाच्या कॉलेजातून, नाक्यावरच्या नेट कॅफेतून, जमेल तिथून. "मध्ये माणूस नको," एवढंच म्हणाले. मॅनेजर म्हणाला, शेतकऱ्यांना जमणार नाही. मास्तर म्हणाले, "शिकवू." म्हाताऱ्या माणसांच्या मागे तासन्‌तास उभे राहून त्यांनी शिकवलं. एक अक्षर दाबायला कोणी अख्खं मिनिट लावलं तरी त्यांनी कधी हात पुढे करून दाबलं नाही. मास्तर हे नाव त्यांनी त्या दिवसांत खरं करून दाखवलं.

मंदाताई आल्या त्या दिवशी मी नेहमीच्या जागी बसले होते. मास्तर मला म्हणाले, "उठा." मी उठले. मंदाताई खुर्चीत बसल्या, पदर खोचला. पासवर्ड टाकताना त्यांनी दुसऱ्या हातानं कीबोर्ड झाकला. मी भिंतीकडे बघत राहिले. मग एका बोटानं त्यांनी लिहायला सुरुवात केली. प्लॉट नंबर, तारीख, आणि फवारणीच्या रकान्यात, आज फवारणी नाही. वीस मिनिटं लागली. शेवटचं बटण दाबल्यावर ओळीच्या पुढे तारीख आणि वेळ उमटली. ती त्यांनी वाचली, भिंतीवरच्या घड्याळाशी ताडून बघितली.

"माझ्या पानावर अजून कोन लिहितं, मास्तर?"

"कोणी नाही. फक्त तुम्ही."

त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं, "आन् ही?"

"ही फक्त बघू शकते."

"मंग ठीक हाय," मंदाताई म्हणाल्या आणि उठल्या. मी खुर्ची पुसली आणि पुढच्या माणसाला हाक मारली.